पेटीतला साप आणि बेलगाम उष्णता

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात कॉनिंग्सबी येथे पारा ४०.३ अंश सेल्सिअसवर गेला आणि ब्रिटनमध्ये प्रथमच तापमानाची चाळिशी ओलांडली गेली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १ ऑक्टोबरपासून, तेथील घरगुती विजेचा दर युनिटमागे सरासरी ३४ पेन्स झाला. वर्षभरापूर्वी तो २१ पेन्सच्या आसपास होता. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तथापि, घरात साप पाळणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांना एकाच प्रश्नाची दोन टोके त्या एका वर्षात दिसली. जुलैत पेटी थंड कशी ठेवावी, हा प्रश्न होता आणि ऑक्टोबरात ती उबदार ठेवणे परवडेल काय, हा.

ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन पाळण्यास परवाना लागत नाही. विषारी सापांसाठी मात्र १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्यानुसार तो घ्यावा लागतो. इंग्लंड व वेल्समध्ये २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याने पाळीव प्राण्याला योग्य परिसर पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. सापाच्या बाबतीत ‘योग्य परिसर’ याचा पहिला अर्थ उष्णता हाच होतो. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करीत नाही. उन्हात येऊन आणि सावलीत जाऊन तो आपले तापमान राखतो. पेटीत कोंडलेल्या सापाला हे करता यावे म्हणून एक बाजू उबदार व दुसरी थंड ठेवावी लागते. बॉल पायथनला उबदार बाजूस ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूस सुमारे २५ अंश मानवतात. कॉर्न स्नेकला याहून थोडे कमी चालते. ऊब कमी पडली की खाल्लेला उंदीर पचत नाही, साप तो उलटून टाकतो आणि पुढे श्वसनाचे विकार जडतात.

ऊब जास्त झाली तर काय, याविषयी मात्र बहुतेक नवख्या मालकांचा एक भाबडा समज असतो. चटका बसला की प्राणी आपोआप बाजूला होईल, असे त्यांना वाटते. साप तसे करीलच असे नाही. निसर्गात ऊन वरून येते. पोटाखालून भाजणारी जमीन त्याच्या सवयीची नाही. तापलेल्या तळावर तो तासन्‌तास पडून राहतो आणि पोटाकडील खवले करपतात. कित्येकदा पुढची कात टाकेपर्यंत हे मालकाच्या ध्यानातही येत नाही. आतून विजेने तापणारे नकली दगड एके काळी सर्रास विकले जात. त्यांची अपकीर्ती झाली ती यामुळेच.

यावरचा उपाय साधा आहे: थर्मोस्टॅट. पण बाजारात हीटर वेगळा आणि थर्मोस्टॅट वेगळा मिळतो, आणि खर्चात काटछाट करायची झाली की नेमका थर्मोस्टॅटच वगळला जातो. इस्त्री तापमापकाशिवाय कोणी विकत घेणार नाही. सापाच्या पेटीला मात्र हा नियम लागू होत नाही, ही विचित्रच गोष्ट म्हणायची. शिवाय उपकरणाची निवडही जुळावी लागते. तळाच्या तापपट्टीला चालू-बंद होणारा साधा थर्मोस्टॅट पुरतो, प्रकाशाच्या दिव्याला मंद-प्रखर करणारा लागतो आणि प्रकाश न देणाऱ्या सिरॅमिक हीटरला ठरावीक अंतराने वीज सोडणारा. दिव्याभोवती जाळी नसली तर साप त्यालाच वेटोळे घालतो.

थर्मोस्टॅट बसवला म्हणजे निर्धास्त झोपावे, असेही नाही. त्याची संवेदक तार सापाने ढकलून पेटीबाहेर पडली किंवा पाण्याच्या भांड्यात गेली, तर यंत्राला थंडीच जाणवते आणि ते हीटर पूर्ण ताकदीने चालू ठेवते. म्हणून तार पक्की बांधणे आणि दोन्ही बाजूंस स्वतंत्र तापमापी ठेवणे आवश्यक ठरते. तापपट्टीवर भुशाचा जाड थर साचला, तर उष्णता कोंडते. पेटी लाकडी असेल तर प्रश्न एकट्या सापाचा राहत नाही, घराचाही होतो.

आता पैशांचा हिशेब. शंभर वॅटचा हीटर दिवसाचा निम्मा वेळ चालला तर वर्षाला सुमारे ४३८ युनिट वीज खर्च होते. जुन्या दराने हे बिल ९२ पौंड येत होते, नव्या दराने ते १४९ पौंडांवर गेले. एका सापासाठी ही वाढ फार नाही. पण कॉर्न स्नेक वीस वर्षे आणि बॉल पायथन त्याहूनही अधिक जगू शकतो, आणि हौशी माणसाकडे सहसा एकच पेटी नसते. बिलाला घाबरून पेटी घोंगडीत गुंडाळण्याची युक्ती वरवर शहाणपणाची वाटते. थर्मोस्टॅट नसेल आणि वायुवीजनाच्या फटी झाकल्या गेल्या, तर तीच भट्टी होते. जुलैतल्या उकाड्यात थर्मोस्टॅटचाही उपयोग नव्हता, कारण तो हीटर बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. तेव्हा पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर हलवणे, एवढेच हाती उरते. काचेच्या पेटीवर थेट ऊन पडले तर साप थोड्याच वेळात दगावू शकतो.

भारतात हा प्रश्न आडवाटेने आला आहे. नाग, अजगर वा धामण घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. परदेशी सापांचे तसे नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार ‘साइट्स’ करारातील प्रजातींची नोंदणी बंधनकारक झाली. बॉल पायथन त्यात येतो. कॉर्न स्नेक त्या यादीत नसल्याने नोंदणीतून सुटतो. ज्याची नोंद होते त्याच्याही बाबतीत जन्म, मृत्यू आणि हस्तांतर कळवण्यावर भर आहे. पुण्यात किंवा नागपुरात पेटीचे तापमान कोण पाहतो, हे विचारणारे कोणी नाही. त्यात येथील अडचण ब्रिटनच्या नेमकी उलट आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेथे हीटरचा प्रश्नच उद्भवत नाही, वातानुकूलन यंत्र हवे आणि भारनियमनात तेही बंद पडते.

१ जून २०२५ च्या सुमारास थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सत्तेचाळीस विषारी साप सापडले. त्यांतले तीन इराण-इराकच्या कोरड्या डोंगराळ भागातील कोळीशेपटी घोणस जातीचे होते, उरलेले इंडोनेशियातील दमट जंगलांतील. असे प्राणी मूळ देशी परत धाडण्याचा प्रघात आहे. तोवर त्यांना ज्या पेट्यांत ठेवायचे, त्यांतल्या दोघांना एकच तापमान चालणारे नव्हते.