खारजमिनीला आधी बांध हवा

मीठ लागलेल्या जमिनीचा प्रश्न निघाला की जिप्समचे नाव हमखास पुढे येते. पंजाब-हरियाणातील चोपण जमिनी जिप्सममुळे पिकत्या झाल्या, हे खरे. तेथे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. जिप्सममधील कॅल्शियम त्याची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. कर्नालच्या केंद्रीय संशोधन संस्थेने हे काम १९६९ पासून केले आहे. तथापि तोच उपाय कोपर-डोंबिवलीच्या खाडीकाठाला जसाच्या तसा लावणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

आपल्या खारजमिनीतील मीठ भरतीच्या पाण्याने आलेले, बव्हंशी साधे विरघळणारे मीठ आहे. ते धुण्यास कोकणचा पाऊस समर्थ आहे. प्रश्न आहे तो धुतलेली जमीन पुन्हा खारट होऊ न देण्याचा. त्यासाठी भरती अडविणारा बांध आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघाडी, ही दोन साधने आमच्या आगरी शेतकऱ्यांनी स्वकष्टाने उभी केली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ यांसारखे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले. हिरवळीच्या खतानेही माती सुधारते. पण बांधाला खांड पडली की एका उधाणात हे सारे वाया जाते.

येथेच प्रश्न राजकीय होतो. जिप्समची गोणी एकटा शेतकरी विकत घेऊ शकतो. बांध एकट्याने राखता येत नाही. म्हणूनच १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा झाला. समुद्राला थोपविण्याचे काम सार्वजनिक आहे, हे तत्त्व शासनाने स्वतःच मान्य केलेले आहे. मग खांड वर्षानुवर्षे उघडी का राहते? तिच्यातून खारे पाणी शिरते, भात जाते, तिवरे उगवतात. तिवरांच्या तोडीला उच्च न्यायालयाने २००५ पासून मनाई केली, ती योग्यच. पण शासनाच्या हयगयीने शेत गमावलेल्या कुळाला भरपाई कोण देणार? त्याची जमीन ‘नापीक’ ठरते आणि नापीक म्हटले की ती पडेल भावात मागणारा दलाल दारात उभा राहतो.

अलिबाग तालुक्यातही एक कोपर आहे. त्या चरी-कोपरच्या कुळांनी खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न पिकवता संप केला. आजच्या कुळाचा सामना खोताशी नसून बेफिकिरीशी आहे, आणि ती अधिक निबर आहे.

आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक बांधाची पाहणी व दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी व्हावी, त्यावर गावकऱ्यांची देखरेख असावी आणि खांड न बुजविल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई शासनाने द्यावी. हे झाल्यावर जिप्समचा विचार जरूर करू.