छप्पर जाण्याआधी

१९६९ साली संगमनेरचा एक चांभारकाम करणारा कारागीर मुंबईत आला. गावी त्याला दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे, पण राहतं घर पडलं आणि गाव सोडावं लागलं. मुंबईत महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार म्हणून तो लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाला सातशे रुपये लागले. जवळपास तीन महिन्यांचा पगार घातला तेव्हा कुठे त्याला फुटपाथवर पाठ टेकता आली. हा सगळा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेला आहे.

१० जुलै १९८५चा तो निकाल ‘ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या नावाने ओळखला जातो. त्याआधी जुलै १९८१मध्ये, भर पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी परत पाठवण्याची घोषणा केली होती. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा हा अर्थ पुढे देशभरातल्या असंख्य खटल्यांत आधाराला आला. त्याच निकालाने हेही सांगितलं की, फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि रीतसर नोटीस देऊन पालिका तिथून माणसाला हटवू शकते.

या निकालाला चाळीस वर्षं उलटली. माणसाला रस्त्यावरून कसं हटवायचं, यावर या काळात कितीतरी परिपत्रकं निघाली, कितीतरी न्यायालयीन आदेश झाले. माणूस रस्त्यावर येऊच नये म्हणून कुणी, कधी, काय करायचं हे सांगणारा एकही कायदा आपल्या राज्यात झाला नाही. यंदाच्या अंकाची सुरुवात आम्ही याच उणिवेपासून करत आहोत.

२०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक रस्त्यांवर फिरले होते. फुटपाथवर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर झोपलेली माणसं त्यांनी मोजली. देशात ती १७ लाख ७० हजारांहून अधिक भरली. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक, उत्तर प्रदेशाखालोखाल सर्वांत जास्त. एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत झालेली ही मोजणी आहे. त्या रात्री जो बंद दुकानाच्या मागे किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीत निजला होता, तो तिच्यात आला असेलच असं नाही.

या माणसांसाठी कायद्याच्या पुस्तकात काय आहे? मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम या नावाने झालेला १९५९चा कायदा आहे. उपजीविकेचं दिसण्यासारखं साधन नसलेला, सार्वजनिक जागी भटकणारा आणि भीक मागूनच जगत असावा असं वाटणारा माणूस त्याच्या व्याख्येत बसतो. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत याच कायद्याची मुख्य कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये घटनाबाह्य ठरवली. ज्या मुंबईच्या नावाने हा कायदा झाला, तिथून तो गेलेला नाही.

दुसरीकडे निवाऱ्याची योजना आहे. २०१०मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर माणसं मेली आणि अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. त्यातून निकष ठरला की, शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक कायमस्वरूपी निवारा हवा. मुंबईची लोकसंख्या २०११मध्ये सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारा केंद्रं हवीत. मुंबई या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही. शिवाय रात्रनिवारा रस्त्यावर आल्यानंतरच उपयोगी पडतो. जो अजून छपराखाली आहे, पण ज्याचं छप्पर येत्या दोन महिन्यांत जाणार हे त्याला, घरमालकाला आणि शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे, त्याने जायचं कुठे?

अशी कुटुंबं आपल्या आसपासच असतात. अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडं वाढवून मागतो, नव्या जागेसाठी डिपॉझिट आणि दलालाचा महिना एकरकमी हवा असतो. त्याच वेळी कर्त्या माणसाचं काम सुटलेलं असतं किंवा घरात कुणी आजारी असतं. करार संपल्यावरही जागा सोडली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४नुसार दुप्पट रक्कम भरावी लागते. मग भांडी एका नातेवाइकाकडे, मुलं दुसऱ्याकडे, आणि कामाच्या जागेजवळ म्हणून नवरा-बायको पुलाखाली. मुलांची शाळा सुटते, रेशनकार्डावरचा पत्ता जुनाच राहतो. सकाळी पालिकेची गाडी यायच्या आत ताडपत्रीची घडी करून ठेवावी लागते. नाहीतर गाडीत ताडपत्रीबरोबर कागदपत्रांची पिशवीही जाते आणि ती गेली की सरकारदरबारी तो माणूस उरतच नाही.

आपल्या सरकारी संस्थाही माणसांना याच वाटेला लावतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची मनोरुग्णालयं आहेत. घर नाही किंवा कुटुंब घेत नाही एवढ्याच कारणासाठी बऱ्या झालेल्या माणसाला तिथे ठेवता येणार नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो. पण त्याला बाहेर न्यायचं कुठे, याची तजवीज तोकडी आहे. तुरुंगातून सुटणारा कैदी, अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडणारी मुलगी यांचंही तेच. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर मुक्काम करणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तर मुंबईकर वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्यांतल्या शेकडोंना आसरा देते. बेघराला आसरा हे गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत सांगितलेलं कर्तव्य होतं. त्यांच्या भक्तांनी ते पाळलं. राज्याने ते अजून स्वतःवर घेतलेलं नाही.

हे काम कायद्याने करता येतं का? ब्रिटनमध्ये ते झालं आहे. वेल्सने २०१४मध्ये गृहनिर्माण कायदा केला. त्यानुसार पुढच्या ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असलेलं कुटुंब स्थानिक कौन्सिलकडे गेलं, की ते घर वाचवण्यासाठी किंवा दुसरं मिळवून देण्यासाठी प्रयत्न करणं कौन्सिलवर बंधनकारक झालं. घरमालकाशी बोलणी करणं, थकलेल्या भाड्याला हातभार लावणं, नव्या जागेच्या अनामत रकमेची सोय करणं, अशी ही साधी कामं आहेत. पहिल्याच वर्षी धोक्यात आलेल्या दर तीन कुटुंबांपैकी जवळपास दोन कुटुंबांचं बेघर होणं टळलं. इंग्लंडने २०१७मध्ये याच धर्तीवर कायदा केला. ऑक्टोबर २०१८पासून तिथले तुरुंग, रुग्णालयं आणि रोजगार केंद्रं यांनाही जबाबदारी आली. समोरच्या माणसाचं घर धोक्यात दिसलं, तर त्याच्या संमतीने कौन्सिलला कळवणं भाग पडलं.

इंग्लंडची पुढची हकीकतही नीट वाचायला हवी. कायदा झाला त्याच दशकात केंद्र सरकारने स्थानिक कौन्सिलांना द्यायचा निधी कापत नेला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात तो प्रत्यक्ष मूल्यात जवळपास निम्म्यावर आला, असं तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवलं. वेळीच सल्ला देणारे, घरभेटी देणारे कर्मचारी त्यात गेले. स्वस्त भाड्याची सरकारी घरं पुरेशी बांधली गेली नाहीत. २०२४मध्ये १ लाख १७ हजारांहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती आणि त्यांच्यावर कौन्सिलांनी २०२३-२४ या एका वर्षात सुमारे २.३ अब्ज पौंड खर्च केले. आधी हात आखडता घेतला आणि नंतर एवढी मोठी रक्कम भरावी लागली. कर्तव्य कायद्यात लिहिलं आणि ते पार पाडणाऱ्याची तिजोरी रिकामी ठेवली, की असं होतं.

कायदा आणि पैसा एकत्र उभे करण्याचं उदाहरण मात्र परदेशात शोधायला नको. ते महाराष्ट्राने स्वतः घालून दिलेलं आहे. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम नाही दिलं, तर बेकारी भत्ता देणं सरकारवर आलं. कायद्याबरोबर खास निधी उभारला गेला. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, आणखी काही करांवर अधिभार आला आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारने स्वतःची घालावी असं ठरलं. मुंबईचा बँक कारकून बीडच्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी भरू लागला. आजही आपल्या पगाराच्या पावतीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते याच करापोटी. काम मिळालं म्हणून लाखो माणसांना गाव सोडावं लागलं नाही. आणि पुढे २००५मध्ये सगळ्या देशाने तसा कायदा केला.

घराच्या बाबतीत महाराष्ट्राने हेच करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बेघरपणा रोखणारा राज्याचा कायदा व्हावा. घर खाली करण्याची नोटीस, धोकादायक इमारतीची नोटीस किंवा तोडक कारवाईची नोटीस हातात पडलेलं कुटुंब वॉर्ड ऑफिसात गेलं, तर त्याचा अर्ज घेणं आणि ठरलेल्या मुदतीत पर्याय देणं पालिकेवर बंधनकारक व्हावं. रुग्णालय, तुरुंग, बालगृह यांनी कुणालाही पत्ता नसताना दाराबाहेर काढू नये. मुदत पाळली नाही तर दाद मागायला जागा असावी. आणि १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा याच राज्याने, स्वतःच्या विधानसभेत, रद्द करावा.

पैसा कुठून येईल, हा पहिला प्रश्न विचारला जाईल. मुद्रांक आणि नोंदणी शुल्कातून राज्याला अलीकडे वर्षाला पन्नास हजार कोटींहून अधिक उत्पन्न मिळतं. घरांच्या किमती वाढल्या की ही रक्कम वाढते आणि त्याच वाढीने भाडेकरू घराबाहेर पडतो. मेट्रोसाठी २०२२पासून मुंबईत घरखरेदीवर एक टक्का अधिभार घेता येतो, तर या उत्पन्नातला छोटा वाटा घर वाचवण्यासाठी बाजूला काढता येईल. तो थेट महापालिका आणि नगरपालिकांकडे जावा आणि त्यात राज्याने बरोबरीची भर घालावी. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरी गरिबी दूर करण्याचं काम पालिकांच्या यादीत घातलं, पण त्यासाठीचा पैसा दिला नाही. जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, आणि आज मुंबईसारखा अपवाद सोडला तर बहुतेक पालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता. तिथे प्रश्न पैशाचा नाही, प्राधान्याचा आहे. मार्च २०२२पासून तीन वर्षांहून अधिक काळ या शहरात नगरसेवकच नव्हते, त्यामुळे हे प्राधान्य कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं.

दुसरा आक्षेप जुनाच आहे. असा कायदा केला तर सगळा देश मुंबईत येईल, असं म्हटलं जातं. संगमनेरचा कारागीर मुंबईच्या ओढीने आला नव्हता. त्याचं गावातलं घर पडलं होतं. ते उभं करायला त्याच वेळी गावात मदत मिळाली असती, तर तुळशीवाडीच्या फुटपाथवर हजार रुपये घालायची वेळ त्याच्यावर आली नसती. म्हणून हा कायदा संगमनेरलाही हवा आणि मुंबईलाही. तो फक्त महानगरांपुरता ठेवला, तर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं आपणच खरं करून दाखवू.

या अंकाचा विशेष विभाग ‘घर’ या विषयाला वाहिलेला आहे. त्यात लेख आहेत, अनुभव आहेत. कथा-कविता नेहमीप्रमाणे स्वतंत्र विभागात आहेत.

वाचकांकडे एक मागणं आहे. आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला दोन प्रश्न लेखी विचारा. आपल्या शहरात निकषाप्रमाणे किती निवारा केंद्रं हवीत आणि प्रत्यक्षात किती आहेत? घर जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाने आपल्या वॉर्डात कुणाला भेटायचं? उत्तर आम्हालाही कळवा. आलेली उत्तरं आम्ही पुढच्या अंकात छापू. रोजगार हमीचा कायदा लोकांनी विचारणा केली म्हणून टिकला. हा कायदाही तशाच विचारण्यातून होईल.



— संपादक