दारातला खचलेला कोबा

वैद्यकीय व्यवसायिकांच्या स्मरणिकेत कोब्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय केवळ गवंड्याचा आहे असे मला वाटत नाही.

माणूस चालताना मागचे पाऊल पुढे नेतो, तेव्हा अंगठ्याचे टोक जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वर असते. वार्धक्यात, कंपवातात, पक्षाघातानंतर तेवढ्याचीही शाश्वती नसते. आणि आपल्या इंदुरातील दवाखान्यांसमोर काँक्रीटच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात दोन-तीन सेंटीमीटरची उंचसखल कड सर्रास आढळते. खुब्याचे हाड बसविण्याची सोय आत, आणि ते मोडण्याची बाहेर!

दोष सिमेंटचा क्वचितच असतो. माळव्याच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. इमारतीचा पाया खोल मुरुमापर्यंत गेलेला असतो. कोबा मात्र वरच्या मातीवर, बहुधा पायाभोवती घाईने लोटलेल्या भरावावर पडलेला. जोते जागचे हलत नाही आणि कोबा दरवर्षी वरखाली होतो. त्यातच गच्चीचे पन्हळ नेमके कोपऱ्यात सोडलेले असेल, तर तेथील भराव आधी खचणार हे ठरलेलेच.

यावर आपण करतो काय? ठेकेदाराला बोलावून वरून इंच-दीड इंच सिमेंट ओतून घेतो. निदानावाचून दिलेली ही वेदनाशामक गोळीच होय. नवा पातळ थर जुन्या भेगेवरच पुन्हा तडकतो, आणि उतार जोत्याकडे राहिला तर पाणी पायातच मुरते.

आधी पाण्याचा शोध घ्यावा: गळकी नळवाहिनी, शोषखड्डा, भिंतीलगतचा बगिचा. मग खचलेला भाग फोडून, काळी माती शक्य तेवढी काढून मुरूम भरावा. तोही एकदम न लोटता, पंधरा सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून व धुमसाने ठोकून. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर दिल्यास तिची हालचाल आटोक्यात येते, हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले होते. अंगणासाठी एवढी खोदाई कोणी करणार नाही, पण तत्त्व तेच. नवा कोबा लहान चौकोनांत, सांधे राखून टाकावा. बाहेरच्या बाजूस पन्नासास एक इतका उतार द्यावा.

अलीकडे छिद्रे पाडून खालून सिमेंटची लापशी किंवा पॉलियुरेथेनचा फेस दाबाने भरून लादी उचलण्याची पद्धत आली आहे. अखंड लादीखालची पोकळी भरण्यास ती उत्तम. परंतु माती फुगणारी असेल आणि पाणी थांबवलेले नसेल, तर तिच्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक रूढी तर मला मुळीच पटत नाही. ही कामे बहुतेक जण मे महिन्यात, पावसाआधी उरकतात. त्या वेळी माती आकसून भेगाळलेली असते. वर घट्ट कोबा घातला, की श्रावणात ती त्याला खालून उचलते. ओल स्थिरावल्यावर, दिवाळीच्या सुमारास काम करणे अधिक शहाणपणाचे.

दिवाळीपर्यंत मात्र रुग्ण येतच राहणार. तोवर कड ग्राइंडरने घासून घ्यावी, तिच्यावर ठळक पिवळा पट्टा ओढावा आणि संध्याकाळी तेथे दिवा लावावा. त्याला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही.