अंगठ्याची अक्कल

शहराशहरांतून एक नवी टूम निघालीय. पोराच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे, मशीनमध्ये घालायचे आणि बापाच्या हातात रंगीत रिपोर्ट द्यायचा. गणिताची बुद्धी इतके टक्के, संगीताची इतके टक्के. वर हजारोंनी फी. आमच्या आज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले, आता नातवांचे अंगठे मागायला आलेत. ठशांवरून बुद्धी कळते याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही, दोस्तांनो. पैसे ठेवा खिशात.

या धंद्यात नाव वापरलं जातं हॉवर्ड गार्डनरचं. हार्वर्डच्या या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली 'फ्रेम्स ऑफ माइंड' लिहिलं. बुद्धी एकच नाही, असं त्याचं म्हणणं. भाषेची, तर्क-गणिताची, सुरातालाची, जागा-आकाराची, अंगाची, माणसं ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची. सात. निसर्गाची पुढे जोडली. पुरावा तोकडा आहे असं बरेच मानसशास्त्रज्ञ म्हणतात, तेही ऐकून घ्यावं. पण बिनेने १९०५ मध्ये पॅरिसला मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून चाचणी केली आणि अमेरिकेत तिचा आकडा माणसं वरखाली लावायला वापरला गेला. त्या एका आकड्याला गार्डनरने धक्का दिला, हे खरं.

आम्हाला ते पटतं, कारण आम्ही तो धक्का रोज खातो. हलगीवर बोटं पडली की अख्खी गल्ली उठवणारं पोरगं वर्गात 'ढ'. नुसतं बघून कुठलं ढोर आजारी आहे ते सांगणारा बाप अडाणी. आणि घोकून ओकणारा हुशार!

पण इथंच दगा आहे. गार्डनरच्या मागून बाजारात दुसरंच आलं. हा डोळ्याने शिकणारा, हा कानाने, हा हाताने. २००८ साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याचे पुरावे तपासले. शिक्का बघून तसं शिकवलं म्हणजे पोर जास्त शिकतं, असं काही हाती लागलं नाही. बुद्धी वेगळी आणि ही शिकण्याची शैली वेगळी, दोन्हीची गल्लत करू नका, असं गार्डनरनेच २०१३ मध्ये बजावलं.

आता सांगा, आपल्या देशात 'हाताने शिकणारा' हा शिक्का कुणाच्या कपाळी बसंल? १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली. प्राथमिक शाळेत पोरांनी अर्धा वेळ शिकायचं, उरलेला वेळ घरी बापाचा धंदा. पेरियार उठले, रान पेटलं. १९५४ साली राजाजींना खुर्ची सोडावी लागली, कामराज आले, योजना गेली. गेली म्हणायची. चातुर्वर्ण्य म्हणजे तरी काय, चार लर्निंग स्टाइलीच की!

म्हणून वस्तीतल्या वर्गात पोरं वाटू नका, पाठाच्या वाटा वाढवा. अपूर्णांक शिकवायचाय? भाकरी मोडा. हलगीवर एका मात्रेचे दोन, मग चार ठोके वाजवा. नळाचं तासाभराचं पाणी बारा घरांत वाटून दाखवा. मग तेच वहीत मांडा. सगळ्या वाटा सगळ्यांनी चालायच्या, हलगीवाल्यानेही आणि पाढेवाल्यानेही. शेवटी पोरानेच वहीत लिहायचं: मला कुठं कळलं, कुठं अडलं. ते मास्तरने ठरवायचं नाही. पुढच्या महिन्यात त्याचं उत्तर बदललं तर बदलू द्या.

आणि वही सोडायची नाही. "याचा हात चांगला चालतो, याला गणित कशाला?" असं म्हणणारे मास्तर आम्ही पाहिलेत, गोड बोलायचे. कोर्ट, बँक, सातबारा सगळं अक्षर-आकड्यांवर चालतं. बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ काढलं, १९५० ला मिलिंद. कॉलेजं काढली त्यांनी.

ज्यांचे वर्ग चालू आहेत त्यांनी लिहून पाठवा. कुठला पाठ किती वाटांनी शिकवला, कुठं फसला. फसलेले आधी छापू.