शुक्रवारचा बाजार

आमच्याकडे पावसाळ्यात सरकारी रुग्णालयातल्या कुणालाच मान वर करायला फुरसत नसते. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा असतो. मी औषधाच्या खिडकीवर बसतो. समोरच्या रांगेत माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, मराठी सगळं एकाच वेळी कानावर पडतं. इतक्या धावपळीत भांडायला वेळ कुणाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण भांडणं अशाच ठिकाणी होतात, कारण बोलायला वेळ नसतो.

आमच्या सिस्टरांशी माझं बिनसलं ते जुम्म्याच्या नमाजवरून. निदान मला तसं वाटलं. दर शुक्रवारी सव्वा वाजता मी मशिदीत जातो आणि दोनच्या आत परततो. एक दिवस शिपाई म्हणाला, "सिस्टर म्हणत होत्या, यांना शुक्रवारी बरोबर कामाच्याच वेळेला जायचं राहते." एवढंच. पुढचं वाक्य मी मनातच पूर्ण केलं. हल्लीच्या हवेत आपल्यापैकी कुणालाही ते पूर्ण करायला कष्ट पडत नाहीत.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कुणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण मी मुलांना सांगतो. रुसवा तीन दिवसांपलीकडे नेऊ नये हेही सांगतो. स्वतः तीन महिने काढले.

त्या काळात आमचा सगळा व्यवहार चिठ्ठ्यांवर आणि शिपायाच्या तोंडी चालला. मग एका दुपारी मूल पाठीशी बांधलेली एक बाई खिडकीशी आली. तिला व्हायवॅक्स हिवताप होता. त्यात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावं लागतं. दुसरी गोळी घेतली नाही तर यकृतात दडलेला जंतू काही आठवड्यांनी पुन्हा उठतो. माझ्या कपाटात प्रायमाक्विन नव्हतं. "संपली, पुढच्या आठवड्यात या," असं सांगून मी तिला लावून दिलं. गोळ्या वॉर्डात होत्या. रात्री गरज पडली म्हणून सिस्टरांनी नेल्या होत्या. वहीत नोंद नव्हती आणि मला सांगण्याइतकं आमचं बोलणं उरलं नव्हतं. आशाताई धावत बसथांब्यावर गेल्या म्हणून ती बाई सापडली.

त्या संध्याकाळी मीच वॉर्डात गेलो आणि शुक्रवारचं सरळ विचारलं. सिस्टर आधी गोंधळल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, शुक्रवारी गावचा बाजार राहते ना! लांबचे सगळे पेशंट त्याच दिवशी येतात. दोनची बस धराची असते त्यांना. तुम्ही उठता तेव्हा शंभर लोकं माझ्या अंगावर येतात." मशीद, नमाज यातलं काही त्यांच्या डोक्यातही नव्हतं. इतकी वर्षं त्या गावात राहून बाजाराचा वार माझ्या लक्षात आला नव्हता, कारण माझ्यासाठी शुक्रवार म्हणजे फक्त जुम्मा.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आपल्याला वनहक्कांमुळे माहीत आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्याच हाती. मला त्या गावाची आणखी एक रीत मोलाची वाटते. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमती लागते. एकाचीही हरकत असली तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. शिवाय अभ्यासगट वेगळा बसतो. तिथे निर्णय करायचा नसतो, फक्त विषय समजून घ्यायचा असतो.

आमच्या कार्यालयांत नेमकी हीच पायरी गाळलेली असते. साहेब दोघांना बोलावतात, पाच मिनिटांत निकाल देतात. एक जिंकतो, दुसरा डूख धरतो. कशावरून भांडण झालं ते कुणी विचारतच नाही. मेंढ्यात बांबू थांबेल, रुग्ण कसा थांबणार, असं कुणी म्हणेल. खरं आहे. अत्यवस्थ रुग्णापुढे डॉक्टरांचा शब्द अखेरचा. पण ड्युटीचा तक्ता म्हणजे काही अत्यवस्थ रुग्ण नाही. त्याच्यासाठी महिन्यातून अर्धा तास निघतो.

सगळाच दुजाभाव गैरसमज असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. "तुमचे लोक" अशी सुरुवात करून बोलणारे सहकारी मला भेटले आहेत. तिथे गैरसमज नव्हता, नीट समजून उमजून बोललं गेलं होतं आणि त्याची तक्रार मी लेखीच केली. पण यातलं काय कुठलं, ते तोंडावर विचारल्याशिवाय कळत नाही. सिस्टरांना मी विचारलंच नव्हतं.

आता लांबच्या गावांच्या चिठ्ठ्या शुक्रवारी आधी घेतो. मी गेलो की खिडकीवर दुसरा सहकारी बसतो, त्याची रविवारची संध्याकाळ मी सांभाळतो. वॉर्डात नेलेली गोळी वहीत चढते. शिपाई अजूनही बातम्या आणतो. परवा म्हणाला, "सिस्टर तुमच्याबद्दल काहीतरी बोलत होत्या." मी विचारलं, "आहेत का वॉर्डात?" आणि उठलो.