छायाचित्रांचा नीरक्षीरविवेक

गेल्या दिवाळीत आमच्या नातीने सहज विचारले, "आजोबा, आजीचा हसतानाचा एकही फोटो भिंतीवर कसा नाही?" प्रश्न साधा, पण उत्तर आम्हांस चटकन् देता आले नाही.

तरुणपणी आम्ही 'आग्फा क्लिक थ्री' ह्या कॅमेऱ्याने हौसेने छायाचित्रे काढीत असू. एका रोलवर चौकोनी बाराच चित्रे येत. रोल ओझरहून नाशिकला धुवावयास पाठवावा, आठवडाभर वाट पाहावी आणि दोन-तीन चित्रे वाया गेलेली पाहून हळहळावे, हा क्रम ठरलेला. त्यामुळे मुंज, लग्न, बारसे ह्यांवाचून कळ दाबण्याचे धाडस होत नसे. आमच्या सहधर्मचारिणीची त्या काळची सारी चित्रे ठेवणीतल्या लुगड्यांतली, परीक्षेस बसल्यासारखी ताठ!

पुढे चिरंजीवांनी स्मार्टफोन हाती दिला. रोल नाही, चांदीच्या क्षारांचा थर नाही. ह्यास छायाचित्रण म्हणावे काय, असे प्रथम वाटले. पण हे यंत्र एका दाबात अनेक चित्रे टिपून त्यांचे एक जुळविते. म्हणून अंधाऱ्या माजघरातही त्यास दिसते. तेथेच पापड लाटताना, शेजारणीच्या कसल्याशा बोलण्यावर खळखळून हसणारी ती आम्हांस सापडली. रोलच्या काळी असल्या क्षणावर आम्ही एक चित्र खर्चिले नसते, हे कबूल केले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. मागल्या पावसाळ्यात फोन भिजून आठवडाभर बंद पडला, तेव्हा आम्हांस झोप नव्हती. दुरुस्त झाला खरा. पण नातीच्या प्रश्नानंतर ते चित्र शोधू लागलो, तो बाणगंगेचे पूर, द्राक्षांचे घड आणि लोकांची 'शुभ सकाळ' ह्यांच्या हजारोंच्या गर्दीत ते सापडावयास तीन संध्याकाळी लागल्या!

आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, वाटाण्याच्या रोपाचे रोज एकेक चित्र टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली. कळ दाबण्याआधीचा तो संयम जुन्या कॅमेऱ्याने आमच्याकडून सक्तीने करवून घेतला. फोन ती सक्ती करीत नाही. म्हणून निवडीचे काम टळले, असे मात्र नव्हे. ते कळ दाबल्यानंतर येऊन पडले आहे, आणि ते यंत्राचे नसून घरच्यांचे आहे.

असो. आता दर पाडव्यास सर्वांनी एकत्र बसून वर्षातील बाराच चित्रे निवडावी, ती कागदावर उतरवून घ्यावी आणि पाठीमागे नावे व तिथी लिहावी, असा आम्ही घरात नेम केला आहे. पहिल्या बारांतले पहिले चित्र पापडाचे. ते नातीनेच भिंतीवर लावले. वाचकांनीही आपापल्या घरी हा नेम करून पाहावा.