टेक्सासकडे स्टार होता, पैसा होता, मग गाडी अडली कुठे? पाच जणांच्या 'लाइन'ची गोष्ट

ऑगस्ट २०२५. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी 'एपी' या वृत्तसंस्थेची क्रमवारी आली आणि टेक्सास विद्यापीठाचा 'लाँगहॉर्न्स' संघ थेट पहिल्या नंबरवर होता. हंगामाआधीच पहिला नंबर मिळण्याची ही या संघाच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

संघाचा क्वार्टरबॅक होता आर्च मॅनिंग. आजोबा आर्ची मॅनिंग, काका पेटन मॅनिंग आणि एली मॅनिंग. तिघंही एनएफएल गाजवलेले क्वार्टरबॅक. त्यामुळे आर्चने कॉलेजचा पूर्ण हंगाम खेळायच्या आधीच त्याचा चेहरा अमेरिकेत घराघरात पोचला होता.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला आणि हाच संघ क्रमवारीतल्या पहिल्या २५ मधूनही बाहेर पडला. मॅनिंगच्या चुकलेल्या पासचे व्हिडिओ व्हायरल झाले, मीम्स निघाले, 'नुसत्या आडनावावर चाललाय' असे टोमणे सुरू झाले.

पण ते व्हिडिओ पुन्हा बघितले, तर कित्येकदा पास चुकण्याच्या आधीच काहीतरी बिनसलेलं दिसतं. मॅनिंगच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडू उभे असतात आणि त्यांच्या मधून कुणीतरी घुसलेलं असतं. या पाच जणांना म्हणतात 'ऑफेन्सिव्ह लाइन'. टेक्सासच्या हंगामाची अर्धी गोष्ट तिथेच आहे.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो मुख्यतः हाताने खेळला जातो. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेला, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू क्वार्टरबॅककडे येतो. त्याने तो फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा किंवा स्वतः घेऊन पळायचं.

समोरच्या संघाला हे होऊ द्यायचं नसतं. फेकायच्या आत क्वार्टरबॅकला चेंडूसकट खाली पाडलं, तर त्याला 'सॅक' म्हणतात.

ते होऊ नये म्हणून हे पाच जण. मधोमध 'सेंटर', त्याच्या दोन बाजूंना दोन 'गार्ड' आणि कडेला दोन 'टॅकल'. एकेकाचं वजन साधारण ३०० पौंड, म्हणजे १३५ किलोच्या पुढे. क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची, हे त्यांचं काम. एरवी त्यांना पुढे फेकलेला पास झेलायचीही परवानगी नसते. त्यामुळे स्कोअरकार्डवर त्यांच्या नावापुढे जवळपास काहीच लागत नाही. त्यांची नावं कॉमेंटरीत येतात ती बहुतेक वेळा चूक झाल्यावर.

नुसती ताकद का पुरत नाही?

कबड्डीतली साखळी आठवा. दोघांनी हात धरलेत, पण एक जण अर्धा सेकंद आधी सुटला तर रेडर मधून निसटतो. दोघंही ताकदवान असून उपयोग होत नाही. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये अशी पाच जणांची साखळी असते.

चेंडू सुरू व्हायच्या आधी सेंटर समोरची मांडणी वाचतो आणि कुणी कुणाला अडवायचं हे ओरडून सांगतो. पण समोरचेही तयारीचे असतात. दोन बचावपटू पळता पळता एकमेकांची जागा बदलतात. आता गार्डने आपल्या माणसामागे जायचं की तो शेजारच्या टॅकलकडे सोपवून नवीन येणाऱ्याला धरायचं? बोलायला वेळ नसतो. शेजारचा काय करणार हे आधीच माहीत असावं लागतं. ते माहीत होतं फक्त शेकडो वेळा एकत्र खेळून.

त्यात सामना दुसऱ्याच्या मैदानावर असेल आणि एक लाख लोक ओरडत असतील, तर सेंटरचा आवाज शेजारच्यालाही नीट ऐकू येत नाही. मग खुणांवर चालावं लागतं आणि नवख्या लाइनची खरी परीक्षा तिथे होते.

टेक्सासची जुनी लाइन कशी तयार झाली?

स्टीव्ह सार्किसियन २०२१ मध्ये टेक्सासचे मुख्य प्रशिक्षक झाले. लाइन सांभाळायला त्यांनी सोबत काइल फ्लड यांना आणलं. पहिल्या हंगामात संघ ५ सामने जिंकला आणि ७ हरला.

२०२२ मध्ये केल्विन बँक्स नावाचा मुलगा कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, पहिल्याच सामन्यापासून लेफ्ट टॅकलला उभा राहिला. ही जागा फार नाजूक. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्या बाजूला असते, म्हणजे तिकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. शेजारी गार्डला हेडन कॉनर, मधे सेंटर जेक मेजर्स. हे तिघं पुढची तीन वर्षं एकत्र खेळले.

त्या काळातले निकाल बघा. २०२२ मध्ये ८ विजय, ५ पराभव. २०२३ मध्ये १२ विजय, २ पराभव. २०२४ मध्ये १३ विजय, ३ पराभव आणि सलग दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरी. या चढत्या आलेखाचं सगळं श्रेय लाइनला देता येणार नाही. संघात इतरही उत्तम खेळाडू होते. पण मुलं बदलत गेली तरी हा कणा टिकून होता.

मग एकदम चार जण गेले. बँक्सने २०२४ मध्ये लाइनमनला मिळणारे 'आउटलँड' आणि 'लोम्बार्डी' हे दोन्ही मोठे पुरस्कार जिंकले आणि एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. कॉनर आणि राइट टॅकल कॅमेरॉन विल्यम्स सहाव्या फेरीत निवडले गेले. मेजर्सची कॉलेजची वर्षं संपली. पाचांपैकी नियमित खेळणारा एकटा राइट गार्ड डीजे कॅम्पबेल उरला.

नेमक्या त्याच वर्षी मॅनिंग पूर्णवेळ क्वार्टरबॅक झाला. म्हणजे चालकही नवा आणि गाडीची चार चाकंही नवी.

हंगामात काय घडलं?

टेक्सासने तयारी केली नव्हती असं नाही. लेफ्ट टॅकलला आलेला ट्रेव्हर गूस्बी दोन वर्षं संघात शिकत होता. २०२४ च्या अखेरीस दुखापत झालेल्या खेळाडूंच्या जागी तो मोठे सामनेही खेळला होता. कोल हटसनला गार्डच्या जागेचा अनुभव होता, त्याला सेंटर केलं. राइट टॅकलला दुसऱ्या वर्षाचा ब्रँडन बेकर आला. वैयक्तिक गुणवत्तेत कुणी कमी नव्हतं. पण या पाच जणांनी एकत्र एकही मोठा सामना खेळला नव्हता.

आणि पहिलाच सामना होता ३० ऑगस्टला, गतविजेत्या ओहायो स्टेटच्या मैदानावर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेक्सास गोलरेषेपासून फक्त एक यार्डावर पोचलं. चौथा प्रयत्न होता. मॅनिंग चेंडू घेऊन लाइनच्या मागून घुसला, पण पुढची भिंत सरकलीच नाही. सामना टेक्सास १४-७ असा हरलं.

४ ऑक्टोबरला समोर होतं फ्लोरिडा. चारपैकी तीन सामने हरून बसलेला संघ. तिथे मॅनिंगला सहा वेळा सॅक केलं गेलं. पळून मिळवलेल्या यार्डांमध्येही टेक्सासकडून सगळ्यात पुढे क्वार्टरबॅकच होता. याचा अर्थ पळणाऱ्यांसाठी वाट तयार होत नव्हती आणि फेकायला वेळ मिळत नव्हता. टेक्सास २९-२१ ने हरलं आणि क्रमवारीतून बाहेर गेलं. दोन आठवड्यांनी केंटकीविरुद्ध संघाला जेमतेम १७९ यार्ड मिळाले. तो सामना जादा वेळेत १६-१३ असा कसाबसा जिंकला.

या काळात लाइनमध्ये बदल होत राहिले. डाव्या गार्डच्या जागेवर वेगवेगळे खेळाडू आजमावले गेले, दुखापतींमुळेही अदलाबदल झाली. यात एक पेच आहे. चुकणाऱ्याला बदललं नाही तर क्वार्टरबॅक मार खातो आणि बदललं तर साखळी पुन्हा पहिल्यापासून जोडावी लागते.

तरी सुधारणा झाली. २८ नोव्हेंबरला टेक्सास ए अँड एम हा तोवर एकही सामना न हरलेला संघ समोर होता. त्या दिवशी रनिंग बॅक क्विंट्रेव्हियन विस्नरने पळून दीडशेहून जास्त यार्ड मिळवले. मॅनिंग ३५ यार्ड पळत जाऊन टचडाउन करून आला. टेक्सास २७-१७ ने जिंकलं. ऑगस्टमध्ये न सरकलेली भिंत नोव्हेंबरात सरकत होती.

पण तोवर उशीर झाला होता. नियमित हंगामात ९ विजय, ३ पराभव. १२ संघांच्या प्लेऑफमध्ये टेक्सासला जागा मिळाली नाही.

मग पैसे देऊन तयार खेळाडू का नाही आणले?

हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण कॉलेज फुटबॉल आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावू शकतात. 'ट्रान्सफर पोर्टल'मधून कॉलेज बदलता येतं आणि २०२४ पासून त्यासाठी एक वर्ष बाहेर बसायची अटही राहिलेली नाही. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. मर्यादा पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे साधारण पावणेदोनशे कोटी रुपये. यात कॉलेजचे सगळे खेळ आले, पण बहुतेक ठिकाणी मोठा वाटा फुटबॉलला जातो.

टेक्सास हे देशातल्या श्रीमंत क्रीडा विभागांपैकी एक. तरी लाइनसाठी त्यांनी भर दिला तो स्वतः वाढवलेल्या मुलांवर. एक तर अनुभवी आणि चांगले लाइनमन बाजारात कमी असतात आणि ते सगळ्यांनाच हवे असतात. शिवाय बाहेरून आलेल्याला नव्या संघाच्या खुणा, हाका, पद्धत सगळं नव्याने शिकावं लागतं. वसंत ऋतूतल्या सरावाची सत्रं असतात फक्त १५. चांगला खेळाडू विकत आणता येतो, पण शेजाऱ्याबरोबर घालवलेली दोन वर्षं त्याच्यासोबत येत नाहीत.

याचा अर्थ पोर्टल निरुपयोगी आहे असा नाही. २०२४ चं ओहायो स्टेट बघा. त्यांचा सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिन अलाबामाहून आला होता आणि त्याने देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा पुरस्कार मिळवला. पण त्याच हंगामात तो आणि लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स, दोघंही जखमी होऊन बाहेर गेले. संघाने काय केलं? अनेक वर्षं गार्ड म्हणून खेळलेल्या डोनोव्हन जॅक्सनला लेफ्ट टॅकल केलं आणि आदल्या वर्षी सेंटर असलेल्या कार्सन हिन्झमनला परत मधे आणलं. मिशिगनविरुद्ध ते १३-१० ने हरले, टीका झाली. पण जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद त्यांनीच घेतलं. उपांत्य सामन्यात हरवलं कुणाला, तर टेक्सासला. ती जोडलेली लाइन होती, पण जोडलेले तुकडे अनुभवी होते आणि त्याच घरातले होते.

त्या उपांत्य सामन्यात टेक्सासची जुनी, मुरलेली लाइनही एका यार्डावरून गोल करू शकली नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. अनुभव असला की विजय नक्की, असं कुणीच सांगू शकत नाही. चुका कमी होतात, एवढंच.

लाइनचा सगळ्यात मोठा पुरस्कार कुणाला मिळाला?

'जो मूर अवॉर्ड' हा एका खेळाडूला दिला जात नाही, तो देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला, सगळ्यांना मिळून दिला जातो. २०२४ मध्ये तो मिळाला आर्मीला, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला. तिथे शिकणारी मुलं पुढे सैन्यात अधिकारी होतात. पैसे देऊन तयार खेळाडू आणण्याची वाट तिथे जवळपास बंदच आहे. जी मुलं येतात, ती बहुतांशी तिथेच राहतात, वाढतात आणि एकत्र खेळतात. त्या वर्षी आर्मीने १२ सामने जिंकले.

पुढचा प्रश्न

इथेच खरा तिढा आहे. गूस्बीसारखा मुलगा दोन वर्षं बाकावर बसून शिकला, म्हणून टेक्सासकडे बँक्सच्या जागी उभं करायला कुणीतरी होतं. आता अशाच मुलाला दुसरीकडे जास्त पैसे आणि लगेच खेळायची जागा मिळू शकते. त्याने ती का घेऊ नये? अनेक वर्षं या मुलांच्या घामावर कॉलेजांनीच पैसा कमावला. त्यांना मोकळीक आणि मोबदला मिळणं न्यायाचंच आहे.

पण त्याची एक किंमत आहे. खेळाडू दर हिवाळ्यात बदलणार असतील, तर बँक्स, कॉनर आणि मेजर्ससारखी तीन वर्षं एकत्र उभी राहिलेली माणसं कमी होत जातील. मग बऱ्याच संघांची लाइन सप्टेंबरमध्ये नवखी असेल आणि नोव्हेंबरमध्ये कुठे जुळायला लागेल. तोवर दोन-तीन सामने हातचे गेलेले असतील आणि मीम्स मात्र क्वार्टरबॅकवर निघालेले असतील.

म्हणून पुढच्या वेळी एखादा क्वार्टरबॅक आपटलेला व्हिडिओ तुमच्या फीडवर आला, तर तो एकदा मागे नेऊन बघा. चेंडू सुटल्यावर पहिल्या दोन सेकंदांत त्याच्या पुढच्या पाच जणांचं काय चाललंय, हे बघितलं की चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा कळतं.